गादीवर बोललेला शब्द

कारंजा लाडमध्ये विजेचे खांब उभे राहायच्या आधीपासून गावात वायरमन होता, आणि तो एकच होता. जगदेव त्याचं नाव. मूळचा किन्हीराजाचा. तीन भावांत जमीन वाटल्यावर घरी एवढ्या हातांना काम उरलं नाही, म्हणून अठराव्या वर्षी तो अकोल्याला गेला आणि तेलाच्या एका गिरणीत इंजिन पुसायला लागला. इंजिनावरून डायनामोवर, डायनामोवरून तारांवर, असा त्याचा हात सरकत गेला. आठ वर्षांनी वायरमनचं लायसन घेऊन तो परतला, पण किन्हीराजाला नाही, कारंज्याला. तिथं कापसाचा बाजार होता, नेमासा शेटजींची जिनिंग होती, आणि त्या जिनिंगमधला डायनामो महिन्यातून दोनदा बंद पडत होता.

जगदेवनं तो डायनामो असा सांभाळला की पुढची सहा वर्षं तो बंद पडलेला कोणाला आठवत नव्हता. लग्नात दिव्यांच्या माळा लावायच्या, मंदिराच्या उत्सवात भोंगा बांधायचा, शेटजींच्या माडीवरचा पंखा कुरकुरला की शिडी लावायची, हे सगळं तोच करायचा. एक सायकल, बांबूची शिडी आणि कॅनव्हासची पिशवी, एवढाच त्याचा पसारा. पण गावात तो ‘आपला जगदेव’ होता, आणि त्या ‘आपला’ शब्दावर तो जगत होता म्हटलं तरी चालेल.

पंचावन्न साली खांब आले. हा सगळा मुलूख तेव्हा अकोला जिल्ह्यात होता. खांब गावाच्या वेशीत शिरले तसे लोक जगदेवला रस्त्यात थांबवून सांगू लागले, “जगदेवभाऊ, आमचं घर पयलं बरं!” त्यानं दुकानाचा एक गाळा घेतला, पेंटरकडून ‘जगदेव इलेक्ट्रिक वर्क्स’ अशी पाटी रंगवली. त्याची बायको तुळसाबाई दुपारची बसून सागाच्या तुकड्यांच्या गुट्ट्या तासायची. भिंतीत ठोकायच्या या लाकडी गुट्ट्या एकसारख्या असल्या तरच त्यांवरची, तार वाहून नेणारी पट्टी सरळ बसते. जगदेव ओळंबा लावून, दोरा मारून पट्टी बसवायचा. एका घराला आठ दिवस लागायचे. कोणी घाई केली तर म्हणायचा, “रेघ वाकडी गेली तं ते तुमाले जलमभर दिसन. थांबा थोडं.”

घरं तो करणारच होता. पण त्याचा डोळा होता नेमासांच्या जिनिंगवर. वीज आली की तिथं इंजिन जाऊन मोटारी बसणार होत्या. सहा वर्षं डायनामो सांभाळल्यावर मोटारींचं काम दुसऱ्या कोणाला जाईल हे त्याच्या स्वप्नातही नव्हतं. तुळसाबाईला त्यानं सांगून टाकलं होतं, किन्हीराजाच्या भावांनाही.

श्रावण संपता संपता नेमासांनी त्याला गादीवर बोलावलं. गादी म्हणजे त्यांच्या पेढीची बैठक. पांढरी चादर, लोड, एका कोपऱ्यात मुनीमजींचं डेस्क.

“जगदेवराव,” शेटजी म्हणाले, “दिवाळीच्या आत, कापूस यायच्या आत, सगळ्या मोटारी चालू झाल्या पाह्यजेत. तुमच्याजवळ मानसं किती?”

“मी हावो ना शेटजी. अन् लागले तं दोघं तिघं पाहू.”

“मेगर हाय?”

मेगर म्हणजे तारेतून वीज कुठं गळते का ते तपासायचं यंत्र. अकोल्याला जगदेवनं ते पाहिलं होतं, हातात कधी घेतलं नव्हतं. त्यानं नकाराची मान हलवली.

नेमासा चांगले गृहस्थ होते. त्यांनी आवाज आणखी मऊ केला. “वाईट वाटून घेऊ नका. नागपूरच्या कंपनीले काम देल्लं मी. तुमी डायनामो पाहा तोवर. वीज येईपर्यंत दिवे त्याच्यावरच चालनार हायेत.”

जगदेव “बरं” म्हणाला आणि उठला. पेढीच्या पायऱ्या उतरताना त्याला वाटलं की रस्त्यावरचा जो तो आपल्याकडंच पाहतोय. दोनच दिवसांपूर्वी पानवाल्याला तो सांगून बसला होता की शेटजींनी खास बोलावणं पाठवलंय.

आठवड्यानं कंपनी आली. एक लॉरी, तारांची मोठी लाकडी चाकं, बारा माणसं आणि त्यांचा फोरमन. साहेब नागपूरला असायचा, पंधरवड्यातून एकदा जीपनं यायचा. बाकी सगळं फोरमनच्या हाती होतं. तीस-बत्तीसचा, सडसडीत, खाकी हाफ पँट घातलेला. अमरसिंग.

दुसऱ्याच दिवशी तो जगदेवच्या दुकानात आला. जगदेवला वाटलं होतं हिंदीत बोलेल. पण तो पायरीवर टेकला आणि म्हणाला, “दादा, तुमीच जगदेवभाऊ ना? मी इथलाच, मानोऱ्याकडच्या तांड्यावरचा. मारवाड्याच्या दुकानातली पट्टी तुमी मारली म्हनते. पाहून आलो. पुरी पट्टी दोऱ्यात हाय. आमच्या बारा जनाइत असा हात कोनाचा नाई.”

तुळसाबाईनं चहा केला. अमरसिंग तांड्यावरचा म्हणून तिनं वेगळा कप काढला नाही, घरातलाच दिला. चहा पिता पिता तो आपलं सांगत गेला. बाप तांड्यासोबत दगडफोडीला नागपूरकडं गेला होता, तिथं हा एका पॉवर हाऊसमध्ये मजूर म्हणून लागला, तिथून कंपनीत. आई, हिरीबाई, तांड्यावरच. तिला दम्याचा त्रास. आता काम गावाजवळ आलंय तर दर शनिवारी सायकलनं जाऊन तिला भेटून यायचं, पिशवीत तिचं औषध आणि काही बाजार न्यायचा.

“अन् हे पाहा दादा,” उठता उठता तो म्हणाला, “कंपनीले मोठी कामं पाह्यजे. घरं करनं त्याइले परवडत नाई, फ्यूज उडाला तं कोन नागपूरवरून येईन? मी साहेबाले सांगून राह्यलो का घरं तुमाले द्यावं. माल कंपनीचा, हात तुमचा.”

साधी, बरोबरीनं सांगितलेली गोष्ट होती ती. पण जगदेवच्या कानांना ती तशी लागली नाही. माझ्या गावात येऊन हा मला घरं देणार! माझीच घरं! तो हसला, “पाहू पाहू” म्हणाला, आणि अमरसिंग गेल्यावर कप बराच वेळ तसाच पुढ्यात ठेवून बसला.

डायनामोसाठी त्याला रोज जिनिंगमध्ये जावंच लागे. शेडच्या दारातून कंपनीचं काम सरळ दिसायचं. वाईट काम असतं तर त्याला सुखानं झोप लागली असती. पण काम चांगलं होतं. लोखंडी पाइपातून तारा ओढलेल्या, प्रत्येक मोटारीला अर्थिंगचा खड्डा, त्यात मीठ आणि कोळसा थरांवर थर भरलेला. अमरसिंग स्वतः खड्ड्यात उतरून पाहायचा. अकोल्याला जगदेवच्या उस्तादानं अर्थिंग असंच शिकवलं होतं, आणि कारंज्यात त्यानं स्वतः ते दोनदा चुकवलं होतं. जगदेव खांद्यावर तेलाचं फडकं घेऊन उभा राहायचा आणि चूक शोधायचा. चूक सापडत नव्हती. तो दिवसेंदिवस आतून आंबत चालला होता.

दसऱ्याच्या दोन दिवस आधी अर्थिंगच्या तांब्याच्या तारेचं एक भेंडोळं गोदामातून गायब झालं. चांगलं जड भेंडोळं, पण पिशवीत मावेल एवढं. मुनीमजींनी ओरडा केला. हमाल, चौकीदार, कंपनीची माणसं, सगळ्यांना विचारून झालं. दुपारी जगदेव तेलाचा डबा मागायला पेढीवर गेला तेव्हा गादीवर नेमासा होते, मुनीमजी होते, आणि रुईचे दोन व्यापारी लोडाला टेकून बसले होते.

“जगदेवराव, तुमी रोज असता तिथं,” शेटजी म्हणाले. “तुमाले काई दिसलं?”

त्याला काहीच दिसलं नव्हतं. तेवढंच सांगायचं होतं. ‘नाही शेटजी’, एवढे दोन शब्द. पण चार माणसं त्याच्या तोंडाकडं पाहत होती. कितीतरी दिवसांत त्याच्या शब्दाची अशी वाट कोणी पाहिली नव्हती.

“मी काय सांगू शेटजी,” तो म्हणाला. “पाह्यलं तं काई नाई. पन तो फोरमन तांड्यावरचा हाय. दर शनिवारी सांजच्याले पिशवी भरून घरी जाते. आता पिशवीत काय रायते, ते त्याचं त्याले मालूम.”

काय असतं ते जगदेवला ठाऊक होतं. त्याच्याच घरी चहा पिता पिता अमरसिंगनं सांगितलं होतं.

एका व्यापाऱ्यानं नुसती मान हलवली. मुनीमजींनी शेटजींकडं पाहिलं. जगदेव तेलाचा डबा घेऊन निघाला. पायऱ्या उतरताना तो स्वतःला समजावत होता की आपण चोर म्हटलेलं नाही, कुठं म्हटलं?

शनिवार आला. साहेबाची जीप आलेली होती. अमरसिंग हातपाय धुऊन सायकलला पिशवी अडकवत होता तेव्हा फाटकातून पोलीस जमादार आणि एक शिपाई आत आले. साहेब मागं उभा राहिला. कंपनीची बारा माणसं, हमाल, चौकीदार, सगळे अंगणात जमले. जगदेव डायनामोच्या शेडच्या दारात होता.

“झोला खाली कर,” जमादार म्हणाला.

“काहून?”

“कर म्हनतो ना.”

अमरसिंगनं साहेबाकडं पाहिलं. साहेब घड्याळाकडं पाहत होता. तेव्हा अमरसिंगनं पिशवी स्वतःच उलटी केली. पायलीभर ज्वारीची लहान पोटली, औषधाची बाटली, गुळाचा खडा, आणि कागदाची एक पुडी. जमादारानं पुडी फोडली. आरशाचे बारीक गोल तुकडे मातीत सांडले. तांड्यावरच्या बाया ओढणीला आणि काचोळीला, म्हणजे चोळीला, टाकतात तसले. हिरीबाईनं मागितले असणार. उन्हात ते तुकडे चमकले आणि कोणीतरी हसलं.

तांबं नव्हतं. पण एवढ्यावर ते थांबले नाहीत. शिपायानं अमरसिंगला सोबत घेतलं, आणि दुसऱ्या दिवशी तांड्यावरच्या झोपड्या उलट्यापालट्या केल्याची बातमी बाजारात आली. तिथंही काही सापडलं नाही. सोमवारी साहेबानं अमरसिंगचा हिशेब करून त्याला मोकळा केला. जगदेवनं ते कानांनी ऐकलं. साहेब कोणाला तरी म्हणत होता, “अरे भाई, पार्टी नाराज है. एक आदमी के लिए पूरा काम बिगाड़ें? नागपुर में फोरमन बहुत हैं.” त्या शनिवारी अंगणात अमरसिंग खाली बसून मातीतले आरशाचे तुकडे वेचत होता तेव्हा जगदेव पुढं जाऊ शकला असता. पंधरा पावलांचं अंतर होतं. तो आत वळला आणि डायनामोचं पितळ पुसत राहिला. ते आधीच लखलखत होतं.

दिवाळीला मोटारी सुरू झाल्या. नवा फोरमन आला होता. त्यानं घराघरांची यादी जगदेवकडं पाठवली, “साहेबांनी सांगितलंय, घरं तुम्ही करा.” ज्याच्या सांगण्यावरून ती यादी आली त्याचं नाव त्यानं घेतलं नाही, त्याला माहीतही नसेल. जगदेवनं यादी घेतली. दुकान होतं, पाटी होती, गावभर कबूल केलेलं होतं. त्यानं घेतली.

पहिल्या कापसाच्या गाड्या आल्या तसं गोदामातलं जुनं बारदान उचलायला काढलं, आणि रिकाम्या पोत्यांच्या ढिगाखाली तारेचं भेंडोळं निघालं. कोण्या हमालानं जागा करायला सरकवलं असेल, त्यावर पोती पडत गेली असतील. मुनीमजी म्हणाले, “चला, बरं झालं, सापडलं.” आणि ते कापसाच्या वजनाकडं वळले. तेवढंच. कोणालाही पुढं काही वाटलं नाही. जगदेव तिथंच उभा होता. तो मटकन बारदानावर बसला. हमालाला वाटलं उन्हानं चक्कर आली, त्यानं पाणी आणून दिलं.

त्यानंतर त्याचा हात बिघडला. दोरा मारूनही पट्टी वाकडी जाऊ लागली. लोक चहा पुढं करायचे आणि तो कप तसाच ठेवून उठायचा. “जगदेवभाऊ, आपला मानूस तो आपला मानूस,” असं कोणी म्हटलं की त्याला वाटायचं, आता उठून पळावं. महिनाभर तुळसाबाईनं पाहिलं. मग एके दुपारी गुट्ट्या तासता तासता ती म्हणाली, “तुमाले काय होऊन राह्यलं? सांगा तं.”

त्यानं सांगितलं. खाली मान घालून, सगळं. पिशवीचंही.

तुळसाबाईनं कोयता खाली ठेवला. तिच्या पुढ्यात गुट्ट्यांचा ढीग होता, त्यातली एकेक उचलून ती पाहत होती आणि परत टाकत होती.

“आपल्या घरी चाय पेला होता त्यानं,” ती म्हणाली. “माया हातचा.”

आणखी काही ती बोलली असती तर बरं झालं असतं. ती उठून आत गेली.

रविवारी सकाळी जगदेव सायकलवर तांड्याकडं निघाला. मानोऱ्याच्या अलीकडं टेकाडावर वीसेक झोपड्या. पहिल्या दारातल्या बाईनं हात करून हिरीबाईचं घर दाखवलं. म्हातारी दारात बसली होती. हातभर बलोऱ्यांच्या बांगड्या, अंगावर आरशांची काचोळी, छाती भात्यासारखी वरखाली होत होती.

“मी कारंज्याचा,” जगदेव म्हणाला. “वायरमन. अमरसिंगले भेटाले आलो.”

म्हातारीचा चेहरा उजळला. “जगदेव? तूच का बापू? सांगे तो तुयं. लय चांगला कारागीर म्हने. ये, बस. कंपनीनं धाडलं का तुले? बलावलं त्याले?”

तिनं खाट टाकली. पाणी दिलं, मग आतून भाकर आणि लाल चटणी आणली. जगदेव नको नको म्हणत राहिला, पण नाही म्हणायला तोंड कुठून आणणार? तो भाकरीचा घास मोडून बसला. म्हातारी दम खात खात सांगत होती. पोलिसांनी रांजण फोडला. शेजारच्या रुपाबाईची पेटी फोडली. “माया पोरावर कोन आळ घेतला रे बापू? कोनाचं काय खाल्लं होतं त्यानं? तुले ठावं असन तं सांग.”

घास त्याच्या तोंडात फिरत राहिला.

अमरसिंग विहिरीवरून आला. खांद्यावर दोर, अंगावर चिखल. जगदेवला पाहून तो मोकळेपणानं हसला, आणि त्या हसण्यानं जगदेवचा उरलासुरला धीर गेला. “अमरसिंग, जरा इकडं ये,” म्हणत तो त्याला मोहाच्या झाडाखाली घेऊन गेला. आईसमोर बोलायची हिंमत नव्हती, हीही एक लाजच.

“तार सापडली,” तो म्हणाला. “बारदानाखाली होती.”

“सापडनारच होती. जाईन कुठं.”

“गादीवर मी बोललो होतो. तुया पिशवीचं. तू तांड्यावरचा म्हनून... मीच बोललो.”

अमरसिंगच्या चेहऱ्यावरचं हसू लगेच गेलं नाही. ते तिथंच राहिलं आणि हळूहळू कशाचंच उरलं नाही. त्यानं खांद्यावरचा दोर काढून जमिनीवर टाकला. जगदेवला वाटलं मारतोय. मारलं असतं तर त्यानं हात वर केला नसता.

“किती जन होते तवा?” अमरसिंगनं विचारलं.

“चार. शेटजी, मुनीमजी अन् दोन व्यापारी.”

“मंग मले काहून सांगून राह्यला? मले तं मालूमच हाय का मी चोर नाई. त्या चौघाइले जाऊन सांग.”

“सांगतो.”

“जाय,” तो म्हणाला, आणि दोर उचलून परत विहिरीकडं गेला.

जगदेवला वाटलं होतं, घरी जाताना आधी पेढीवरच जाऊ. तो गेला नाही. सोमवारी गेला नाही, त्या आठवड्यात गेला नाही. रोज सकाळी ठरवायचा आणि पेढीपुढून सायकल पुढं काढायचा. तुळसाबाई विचारत नव्हती. ती फक्त त्याच्याकडं पाहायची आणि तो नजर चुकवायचा. पौष लागला तेव्हा एक दिवस दोन्ही व्यापारी गादीवर बसलेले त्यानं रस्त्यावरून पाहिले, आणि त्यानं सायकल भिंतीला टेकवली.

“शेटजी, एक सांगाचं हाय,” तो उभ्यानंच म्हणाला. “दसऱ्याच्या वक्ताले मी त्या फोरमनबद्दल बोललो होतो. ते खोटं होतं. त्याच्या पिशवीत काय रायते ते मले ठावं होतं. आईचं औषध न्याचा तो. मी जळलो होतो त्याच्यावर. काम त्याले गेलं म्हनून.”

हे म्हणायला त्याला अडीच महिने लागले होते. म्हणून झाल्यावर त्यानं वाट पाहिली. काहीही येवो, शिव्या येवोत.

नेमासा जरा गोंधळले. “कोनता फोरमन? हां, तो. अहो, तुमी मनाले कायले लावून घेता? तुमी सांगाच्या आधीच मुनीमजी म्हनत होते, तांड्याचा मानूस हाय म्हनून.”

“म्हनत होतोच,” मुनीमजी डेस्कावरून मान न उचलता म्हणाले.

“तुमी म्हटलं काय अन् नाई म्हटलं काय,” एक व्यापारी हसला. “पोलीस आलेच असते. बसा, चहा घ्या.”

जगदेवला वाटलं आपण पाण्यात पाय टाकला आणि तळ लागलाच नाही. ते त्याला माफ करत होते. जी माफी देणं त्यांच्या हाती नव्हतंच ती ते चहासोबत देऊन मोकळे होत होते. आणि त्याच्या लक्षात आलं की त्या दिवशी आपण काही नवीन बोललोच नव्हतो. त्यांच्या मनात जे होतं तेच त्यानं तोंडातून काढून दिलं होतं, त्यांना हवं तेव्हा, गावच्या भरवशाच्या माणसाच्या तोंडातून.

“मले चिठ्ठी पाह्यजे,” तो म्हणाला. “कंपनीले. का तार सापडली अन् फोरमनचा दोष नाई.”

“आता कायले उकरता? काम झालं, कंपनी गेली.”

“नाई तं मी उद्यापासून डायनामो...” तो बोलता बोलता थांबला. डायनामो दिवाळीलाच बंद झाला होता. शेटजींना आता त्याची गरज राहिली नव्हती. तेव्हा जगदेव पायरीवर बसला आणि उठेना. येणारेजाणारे त्याच्याकडं पाहू लागले. दोन तासांनी नेमासांनीच कंटाळून मुनीमजींना खूण केली. मुनीमजींनी दोन ओळी लिहिल्या, ‘हरवलेली तार मिळाली. आमची कोणाविरुद्ध तक्रार नाही.’ अमरसिंगचं नाव त्यांनी घातलं नाही. नाव घाला म्हटलं तर म्हणाले, “तेवढं पुरते.”

तो कागद घेऊन जगदेव छोट्या रुळांच्या गाडीनं मूर्तिजापूरला आणि तिथून नागपूरला गेला. कंपनीची कचेरी दोन मजली होती. बाकावर दुपारपर्यंत बसल्यावर एका कारकुनानं कागद घेतला, वाचला, विचारलं, “कोणतं काम?” जगदेवनं सांगितलं. कारकुनानं एक फाइल काढली, कागद टोचून आत लावला आणि फाइल परत कपाटात ठेवली.

“अन् अमरसिंग?”

“ती जागा भरली.”

“पन त्याचा दोष नव्हता ना.”

“मी कुठं म्हणतो होता?” कारकून म्हणाला. तो खरंच तसं म्हणत नव्हता. त्या कचेरीत कोणीच अमरसिंगला चोर म्हणत नव्हतं, आणि कोणीच त्याला ओळखतही नव्हतं. जगदेवच्या दुकानातला एक माणूस गेला असता तर अर्धं दुकान गेलं असतं. इथं एक गेला आणि टेबलावरचा कागदही हलला नव्हता.

परत येऊन तो तांड्यावर गेला. अर्ध्या झोपड्यांची दारं बांधलेली होती. माणसं कामाला बाहेर पडली होती, अमरसिंगही त्यांच्याबरोबर गेला होता, खानदेशाकडं कुठंतरी, रस्त्याच्या खडीवर. मेगर वाचणारा, अर्थिंगच्या खड्ड्यात उतरून थर तपासणारा माणूस घण घेऊन खडी फोडायला गेला होता. हिरीबाई दारातच होती. अमरसिंगनं जाण्यापूर्वी तिला सांगितलेलं असावं. ती जगदेवकडं पाहत राहिली. उठली नाही. बस म्हणाली नाही. तिच्या छातीचा आवाज तेवढा ऐकू येत होता.

“मी गादीवर सांगतलं, आजी,” तो म्हणाला.

तो थोडा वेळ उन्हात उभा राहिला, मग सायकल फिरवली.

पुढच्या काही वर्षांत जगदेवचं दुकान वाढलं नाही, मोडलंही नाही. मोठी कंपनी दुसऱ्या गावांना गेली होती, घरं आणि फ्यूज त्याच्याकडं राहिले. अमरसिंग दोन वर्षांनी परतला, त्यानं परीक्षा देऊन स्वतःचं लायसन काढलं आणि मानोऱ्यात एका पत्र्याखाली काम सुरू केलं. एकटाच होता, जगदेवसारखाच. तिकडचं काम घेऊन कोणी जगदेवकडं आलं की तो म्हणायचा, “मानोऱ्याले अमरसिंग हाय. माज्याहून चोख करते.” इतकंच सांगून थांबत नसे. कधी कधी, न विचारताच, का सांगतोय तेही सांगायचा, पिशवीसकट. ऐकणारे अवघडून जायचे. काही म्हणायचे, सोडा आता, जुनं झालं. तुळसाबाई आतून ऐकत असे.

एकोणसाठ साली एका कामानिमित्त तो मानोऱ्याला गेला होता. शाळेच्या नव्या खोल्यांत तारा ओढणं चालू होतं. शिडीवर अमरसिंग होता. जगदेव दारात थांबला. अमरसिंगनं खाली पाहिलं, ओळखलं, मान किंचित हलवली आणि पुन्हा भिंतीकडं वळून गुट्टी ठोकू लागला. जगदेव आत गेला नाही. परतीच्या बसगाडीला अजून तास होता. तो अड्ड्यावर जाऊन बसला.